थर्माकोलच्या स्वस्त इन्क्युबेटरमध्ये कोंबडीची पिल्लं शेवटी अंड्यातच मरतात, टेंपरेचर-ह्युमिडिटी किती ठेवू?

आधी डिस्प्लेवर भरवसा ठेवू नका, स्वस्त मशीन एखाद डिग्री इकडेतिकडे दाखवतंच, सेन्सरचं टोक आणि तापाचं थर्मामीटर कोमट पाण्यात एकत्र धरून ताडून बघा. फॅन असेल तर 37.5 डिग्री सेल्सियस, नसेल तर अंड्यांच्या वरच्या लेव्हलला 38.5 च्या आसपास. ह्युमिडिटी पहिले 18 दिवस 45-50 टक्के, मग अंडी फिरवणं बंद आणि 65-70. ह्युमिडिटीसाठी आत ठेवलेलं पाणी खोल असून काही फायदा नाही हो, भांडं पसरट पाहिजे, शेवटी ओला स्पंजपण टाका. कोकणातल्या पावसाळ्यात तर सुरुवातीला पाण्याशिवायही भागतं कधीकधी. आणि पिल्लाने चोच मारली की सारखं झाकण उघडू नका, वाफ जाते, आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो आणि ते तिथंच अडकतं.