सी प्लस प्लसमध्ये दोन टाइप एकच आहेत का, हे कंपाइल होतानाच कसं तपासायचं? टाइपआयडी टाइपचं जे नाव (नेम) देतो, त्याची तुलना पुरत नाही का?

नाही पुरत. प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय की सिनियर म्हणतात, 'नेमची स्ट्रिंग जुळवली की झालं'. ते वाचून राहवलं नाही, म्हणून एवढं लिहितेय.

आधी उत्तर. टाइप_ट्रेट्स हेडर घ्या आणि इज_सेम वापरा. 2011 च्या स्टँडर्डपासून ते आहे. सी प्लस प्लस 17 असेल तर इज_सेम_व्ही लिहा, 20 असेल तर सेम_ॲज हा कन्सेप्ट मिळतो. आत काहीही गूढ नाही. दोन टाइप घेणारं एक टेम्पलेट (टाइप भरून वापरायचा साचा) 'फॉल्स' देतं, आणि दोन्ही जागी तोच टाइप, म्हणजे टी, आला तर त्याचं पार्शल स्पेशलायझेशन, म्हणजे त्या प्रसंगापुरती वेगळी आवृत्ती, 'ट्रू' देतं. हे तुम्ही स्वतःही लिहू शकता. नेम मात्र प्रोग्रॅम चालतानाच मिळतं, आणि त्यात काय असावं हे स्टँडर्ड ठरवून देत नाही. जीसीसी या कंपायलरमध्ये इंटचं (पूर्णांक) नेम नुसतं 'आय' येतं, डबलचं (दशांश आकडा) 'डी', लाँगचं (हाही पूर्णांकच) 'एल'. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये पूर्ण शब्द येतो.

या फरकाने आमच्याकडे काय झालं ते सांगते.

नागपुरात आयटी पार्कजवळच्या एका छोट्या कंपनीत मी कामाला होते. धरमकाट्याचं सॉफ्टवेअर होतं. ट्रक काट्यावर चढतो, इंडिकेटरवरून वजन येतं, पावती छापली जाते, आणि तीच नोंद एका बायनरी फाइलमध्ये जाते. महिन्याचं बिल त्या फाइलवरून निघायचं. नोंद लिहिणारं एक टेम्पलेट फंक्शन होतं. त्यात आमच्या लीडने टाइपआयडीचं नेम काढून इफ-एल्सची साखळी लावली होती: 'डी' आलं तर डबल म्हणून लिही, 'एल' आलं तर लाँग म्हणून, आणि काहीच जुळलं नाही तर शेवटच्या एल्समध्ये इंट म्हणून. साधं इफ असल्यामुळे प्रत्येक टाइपसाठी सगळ्या फांद्या कंपाइल व्हाव्या लागतात, म्हणून जागोजागी स्टॅटिक_कास्ट, म्हणजे एका टाइपचं दुसऱ्यात मुद्दाम केलेलं रूपांतर, ठोकलेला. त्या कास्टमुळे कंपायलरचं तोंडच बंद झालं होतं.

मी तेव्हाच म्हटलं होतं, सर, हे इफ कॉन्स्टएक्सप्र आणि इज_सेम_व्हीने करू. (इफ कॉन्स्टएक्सप्रमध्ये अट कंपाइल होतानाच तपासली जाते आणि नको ती फांदी गळते.) ते म्हणाले, "अगं, चालून राहिलं ना? मग काहून छेडतेस? काही असलं तर टेस्टिंगमध्ये सापडते."

लिनक्सवर चालतच होतं. मग उमरेडकडच्या एका कोळसा वाहतूकदाराला तेच विंडोजवर हवं झालं. कोड एका फटक्यात कंपाइल झाला, एक वॉर्निंग नाही. टेस्टिंगमध्ये पावत्या बरोबर, फाइल उघडते, बिल निघतं. पास.

महिनाअखेर त्यांच्या हिशोबनीस काकांचा फोन आला. काका पावत्यांचा गठ्ठा घेऊन बिलाशी एकेक ओळ ताडत बसले होते. म्हणाले, "मॅडम, एकही गाडी पॉइंटात नाही का हो? सगळ्या पूर्ण टनातच भरून राहिल्या काय?" पावतीवर 28.46 टन, बिलात 28. पावतीवर 31.90, बिलात 31. विंडोजवर एकही नेम जुळत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक वजन शेवटच्या एल्समध्ये जाऊन इंट होत होतं. इंट होताना आकडा जवळच्या पूर्णांकाला जात नाही, पॉइंटनंतरचं सरळ तुटतं. म्हणजे प्रत्येक खेपेला तोटा वाहतूकदाराचाच.

दुरुस्ती माझ्याकडे आली. साखळी इफ कॉन्स्टएक्सप्रची केली, अटी इज_सेम_व्हीच्या, कास्ट काढून टाकले, आणि शेवटच्या एल्समध्ये इंट न लिहिता स्टॅटिक_असर्ट, म्हणजे अट खोटी ठरली तर कंपाइलच होऊ न देणारी ओळ, ठेवला: 'या टाइपची नोंद कशी लिहायची ते ठरलेलं नाही'. (तिथे सरळ फॉल्स लिहिलं तर जुने कंपायलर टेम्पलेट वापरायच्या आधीच अडतात. टी वर अवलंबून असलेलं फॉल्स द्यावं लागतं. 2023 मध्ये सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड समितीने हा नियम सैल केला.)

विंडोजवर कंपाइल केलं तर वजनाच्या ओळी सुरळीत गेल्या आणि कंपायलर भलत्याच ठिकाणी थांबला, वेळेच्या फील्डवर. टाइम_टी (वेळ सेकंदांत ठेवायचा टाइप) हा 64 बिट लिनक्सवर लाँग असतो, तर 64 बिट विंडोजवर लाँग लाँगच्या जातीचा, आणि आमच्या साखळीत लाँग लाँग नव्हतंच. म्हणजे वजनाबरोबर वेळसुद्धा इतके दिवस चार बाइटच्या इंटमध्ये कोंबली जात होती. फाइलमध्ये तारखा अगदी बरोबर दिसत होत्या, आणि 19 जानेवारी 2038 पर्यंत बरोबरच दिसल्या असत्या, कारण चार बाइटच्या इंटमध्ये तोवरचेच सेकंद मावतात.

हे मी लीडना दाखवलं. ते म्हणाले, 2038 ला हे सॉफ्टवेअर कोण वापरतंय. त्यांचं ते म्हणणं मला आजही पटत नाही. वजनाचा घोळ काकांनी पावत्या ताडल्या म्हणून सापडला. वेळेचा घोळ सापडायला टेस्टरने कॉम्प्युटरचं घड्याळ पुढच्या दशकात न्यायला हवं होतं, आणि ते कुणी केलं नसतं. टेस्टिंग हवंच, पण आज जे दिसतच नाही ते कंपायलरला विचारावं लागतं, आणि तो विचारायचे पैसे घेत नाही. 'टेम्पलेट कोणाला वाचता येते' हेही मी पुष्कळ ऐकलंय. ज्याला स्टॅटिक_कास्टची ती रांग वाचता येते त्याला इज_सेम_व्हीची एक ओळ नक्की वाचता येईल. तुमच्या सिनियरना हे माझ्या नावावर सांगा.

आता इज_सेम वापरताना ज्यात लोक अडकतात ते. त्याची तुलना फार काटेकोर असते. इंट आणि कॉन्स्ट इंट वेगळे, इंट आणि इंटचा रेफरन्स वेगळे. टाइपआयडी मात्र वरचा कॉन्स्ट आणि रेफरन्स गाळून बघतो, म्हणून दोघांची उत्तरं कधी कधी जुळत नाहीत. गाळूनच बघायचं असेल तर 20 मध्ये रिमूव्ह_सीव्हीरेफ आहे, त्याआधीच्यात आधी रेफरन्स काढा आणि मग कॉन्स्ट, उलट क्रमाने केलं तर कॉन्स्ट तसाच राहतो. डिकेटाइप (दिलेल्या गोष्टीचा टाइप सांगणारं) वापरताना व्हेरिएबलचं नाव जादा कंसात टाकलं की रेफरन्स मिळतो, तिथे तास-तास जातात. कॅर, साइन्ड कॅर आणि अनसाइन्ड कॅर हे तीन वेगळे टाइप आहेत. विंडोजवर इंट आणि लाँग दोन्ही चार बाइटचे, तरी टाइप वेगळेच.

आणि यूझिंगने टाइपला दुसरं नाव दिलं तरी नवा टाइप होत नाही. आमच्याकडे टन आणि किलो अशी दोन नावं डबललाच दिलेली होती. इज_सेम त्यांना एकच म्हणतं, आणि ते बरोबरच आहे. कंपायलरने टनाच्या जागी किलो अडवावा असं वाटत असेल तर दोघांचे स्वतंत्र स्ट्रक्ट करा.

टाइपआयडी अजिबात वापरू नका असं मात्र मी म्हणत नाही. व्हर्च्युअल फंक्शन असलेल्या बेस क्लासच्या पॉइंटरमागे नेमका कोणता ऑब्जेक्ट आहे, हे प्रोग्रॅम चालतानाच कळतं, तिथे तोच लागतो. पण तिथेही तुलना थेट दोन टाइपआयडींची करा, नेमच्या स्ट्रिंगची नाही.