पेन्सी लाला निघायच्या आधी

बाळा,

तुझा प्लॅन वाचला. लातूरहून गाडी काढायची, श्रीनगर, झोजी ला (ला म्हणजे खिंड), कारगिल, मग लडाखच्या सुरू खोऱ्यातून पेन्सी ला, वर तंबू ठोकून द्रांग-द्रुंग हिमनदी बघायची आणि सगळं मिळून दहा दिवसात घरी. जागा एक नंबर निवडलीस, पण दिवस लई कमी धरलेस.

आपलं लातूर सहाशे-साडेसहाशे मीटरवर, कारगिल 2,676 वर अन् पेन्सी ला 4,400 च्या आसपास. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा श्रीनगर सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी पेन्सी लाच्या अलीकडच्या रंगदुमला तंबू टाकला, रात्री दोस्ताचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, उभं राहिलं की झोकांड्या जायलेत आणि मी त्याला म्हणायलोय की दमलायस, झोप. उंची बाधली होती त्याला, असं झालं की झोपवायचं नसतं रे, लगेच खाली उतरवायचं असतं, मला हे माहितीच नव्हतं. तिथल्या एका ड्रायव्हरनं ओळखलं अन् अंधारातच आम्हाला खाली काढलं. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

म्हणून सांगतो, कारगिलला दोन रात्री काढ, मग पानिखर-परकाचिक या गावांकडं एक मुक्काम कर, तिथून नुन-कुनची शिखरं बघत बस, त्याच्यानंतर रंगदुम. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही असा साधा हिशोब आहे. डोकं दुखत असंल तर अजिबात पुढं जाऊ नको. पेट्रोल कारगिललाच फुल कर आणि सिम पोस्टपेड घे, बाहेरचं प्रीपेड तिकडं चालत नाही.

तंबू ओढ्याच्या काठाला लावू नको. सकाळी घोटाभर दिसणारं पाणी दुपारी ऊन तापून बर्फ वितळला की केवढं फुगतं ते मी पाहिलंय. त्या भागात तपकिरी अस्वल आहे, तंबूत खायचं काही ठेवायचं नाही, सगळं गाडीत बंद. आणि मार्मोट दिसतील, खारीच्या जातीतले मोठे प्राणी, गुबगुबीत, शिट्टी मारल्यासारखे ओरडतात. लोक त्यांना बिस्किटं टाकतात, तू टाकू नको. सहा महिन्यांच्या वर बिळात झोपून काढायचे असतात त्यांना, त्यासाठीची चरबी गवतावरच साठली पाहिजे.

हिमनदी साधारण 23 किलोमीटर लांब आहे, खिंडीजवळ रस्त्यावरूनच दिसते. बर्फावर उतरू नको, वरून सपाट दिसतं पण खाली भेगा असतात. 2016 ला आपल्याकडं मिरजहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तू तेव्हा लहान होतास, मी घागरी घेऊन लायनीत होतो. त्यामुळं एवढं गोठलेलं पाणी, त्यातून निघणारी स्तोद नदी, पुढं झंस्कार, मग सिंधू, हे बघून मला लई वेळ बोलताच येईना. अन् ती हिमनदी मागं सरकायलीय, हेही तिथं उभं राहून कळतं.

फोटो काढ, पण दोन-तीन तास नुसता बस. घाई असली की हेच पहिल्यांदा कटतं.

सुट्टी वाढवून मिळते का विचार, अन् निघायच्या आधी घरी ये. माझी जाड स्लीपिंग बॅग घेऊन जा, काकू धपाटे बांधून देईल, तीन-चार दिवस आरामात टिकतात.

तुझा काका