आधी नळ्या वाजवा, मग कापड आणा

बुश प्लेन म्हणजे स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, शेपटीखाली छोटं चाक आणि पुढे गुबगुबीत टायर. अलास्कात नदीपात्रातल्या गोट्यांवर उतरणारं पायपर सुपर कब हे त्याचं सगळ्यांत ओळखीचं रूप. आपल्याकडे फ्लाइंग क्लबांत उडालेलं एचएएलचं पुष्पक बुश प्लेन म्हणून बांधलेलं नव्हतं, पण घडण तीच. असं विमान घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभं करू पाहणाऱ्या नागपूरच्या वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी मिळून जुन्या पुष्पकचा सांगाडा घेतला. बरीच वर्षं शेडमध्ये पडून होता, पण वरून ठणठणीत दिसून राहिला. घासून रंग मारला अन् कापड चढवलं तर चालते का? (मनीषनगर)

उत्तर : नाही चालत. नळी आतून सडते आणि वरचा रंग शेवटपर्यंत चकाकतो. शेपटीवर टेकलेल्या विमानात पाणी मागे आणि खाली उतरतं. म्हणून खालच्या दोन लाँगेरॉनचा, म्हणजे सांगाड्याच्या लांबीभर धावणाऱ्या मुख्य नळ्यांचा, शेपटीकडचा भाग आधी तपासा. छोट्या हातोडीने हलकेच वाजवत जा. चांगली नळी टणकन बोलते. सडलेली थपथपते आणि कधी आत पोपडे खुळखुळतात. शंका वाटली की टोकदार पोगर दाबून बघा. खळगा पडला किंवा पोगर आत गेला, तर तेवढा तुकडा बदलायचा. आवाज चांगला असला तरी अल्ट्रासाउंडने भिंतीची जाडी मोजून घेतलेली बरी. या नळ्यांची भिंत बऱ्याच ठिकाणी जेमतेम ०.९ मिलिमीटर असते. त्यातली पाव मिलिमीटर गेली तरी उरलं किती, याचा हिशोब करा.

पंखाला आधार देणारे तिरके स्ट्रट विसरू नका. पायपर विमानांचे स्ट्रट खालच्या टोकाशी आतून गंजत होते, म्हणून अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने १९९३ मध्ये त्यांच्या तपासणीचा सक्तीचा आदेश काढला. पोकळ आणि खाली तोंड असलेल्या कुठल्याही नळीला हा नियम लागू समजा.

सँडब्लास्टिंग बारीक दाण्याने आणि कमी दाबाने करून घ्या. भरड वाळूने पातळ नळी खरवडली जाते. ब्लास्टिंगनंतर उघड्या पोलादाला घामाचा हात लावू नका. श्रावणात सकाळी लागलेलं बोट संध्याकाळी तांबूस ठशाच्या रूपात दिसतं. त्याच दिवशी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर मारा. साधा रेड ऑक्साइड इथे कामाचा नाही. कापड चिकटवायच्या गोंदातलं एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) हे द्रावक त्याला विरघळवतं, आणि मग कापड नळीला नाही, सुटलेल्या रंगाला चिकटलेलं असतं.

नळीच्या आतून जवसाचं तेल फिरवायची पद्धत जुनी आणि चांगली आहे, आणि जवस म्हणजे आपल्या विदर्भाचंच पीक. बारीक भोक पाडून गरम तेल ओता, सांगाडा सगळ्या बाजूंनी फिरवा, जादा तेल निथळू द्या आणि भोक स्क्रूने बंद करा. मात्र हे वेल्डिंग आणि प्रायमर दोन्ही आटोपल्यावर. तेल गेलेल्या नळीवर पुन्हा नीट वेल्डिंग होत नाही. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि मे महिन्यातल्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये तो बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवा.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतला आमचा वेल्डर म्हणतो, मिगने तासाभरात सगळं जोडून देतो. देऊ का? (प्रतापनगर)

उत्तर : त्याच्या हाताबद्दल शंका नाही, पण ही खिडकीची जाळी नाही. नळ्या ४१३० क्रोममोली पोलादाच्या असतात. मिग, म्हणजे तार आपोआप सरकत येणाऱ्या वेल्डिंगचा टाका सुरुवातीला थंड पडतो, वरून गुबगुबीत दिसतो आणि आत पुरता शिरलेला नसतो. शिवाय तो भरभर निवतो, त्यामुळे या पोलादात टाक्याशेजारची पट्टी ठिसूळ होते. टिग, म्हणजे टंगस्टनच्या टोकाचं आणि तार हाताने द्यायचं वेल्डिंग घ्या. ०.९ मिलिमीटरच्या नळीला ३० ते ४० अँपिअर आणि ईआर७०एस-२ची १.६ मिलिमीटरची तार पुरते. ऑक्सिॲसिटिलीनही चालतं, जुनी विमानं त्यावरच बांधली गेली. टाका ओल्या फडक्याने निववू नका आणि वेल्डिंगच्या वेळी कूलर बंद ठेवा. कूलरचा झोत टाक्याला हवेपासून झाकणारा आरगॉन वायू उडवून लावतो आणि टाक्यात बारीक भोकं राहतात.

तुकडा बदलताना टोकाला टोक भिडवून जोडायचं नाही. आत घट्ट बसणारी नळीची बाही घाला, मूळ नळी ३० अंशांच्या तिरक्या रेषेत कापा आणि बाहीला बाजूच्या भोकांतूनही टाके द्या. एका वेळी एकच नळी कापायची. कापण्याआधी त्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा आणि टाक्यानंतर पुन्हा मोजा. वेल्डिंग आकसतं, ते नेहमी एका बाजूला ओढतं, आणि हा वाक पुढे कापडाखाली झाकला जातो. मग विमान जन्मभर एका अंगाला उडतं.

प्रश्न : अठरा फुटी गॅरेजमध्ये हे मावेल का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : एकदम नाही. सुपर कबची लांबी सुमारे ६.९ मीटर आणि पंखांचा विस्तार १०.७ मीटर, म्हणजे तुमच्या साडेपाच मीटरच्या गॅरेजमध्ये सुटा पंख मावेल. सांगाड्यासाठी इंजिन, त्याचं माउंट आणि रडर (शेपटीचं उभं सुकाणू) काढून लांबी प्रत्यक्ष मोजा. पंख आडवा टाकून त्यावर डबे रचू नका. पुढची कडा खाली करून गादी लावलेल्या घोडीत उभा ठेवा. सांगाड्यासाठी दोन टोकांना फिरती घोडी केलीत तर खालच्या नळ्यांसाठी उताणं झोपावं लागणार नाही.

प्रश्न : विमानाचे बोल्ट बाहेरून मागवायला महाग पडतात. इतवारीत १२.९ ग्रेडचे मिळतात, ते तर जास्तच टणक असतात ना? (महाल)

उत्तर : टणक असतात, हीच अडचण. हादरे झेलणाऱ्या जोडात थोडा चिवटपणा लागतो, आणि इतक्या कडक बोल्टवर मुलामा चढवताना हायड्रोजन शिरून तो पुढे अचानक तुटू शकतो. मापही जुळत नाही. पाव इंची भोक ६.३५ मिलिमीटरचं असतं, त्यात ६ मिलिमीटरचा बोल्ट खुळखुळतो आणि भोक लांबोळं करतो. एएन, म्हणजे अमेरिकी विमान मानकाच्या मापाचेच बोल्ट घ्या. आटे भोकाच्या आत येणार नाहीत, गुळगुळीत दांडाच भार घेईल, अशी लांबी निवडा. एएन-३ला (३/१६ इंची) २० ते २५ इंच-पाउंड आणि एएन-४ला (पाव इंची) ५० ते ७० इंच-पाउंड एवढाच पीळ द्या. नायलॉनचा नट बोटाने फिरला की तो टाकून द्या. जिथे भाग फिरतो तिथे नायलॉन नट नकोच; खाचांचा नट आणि कॉटर पिन लावा.

प्रश्न : कापड कधी चढवावं? आणि गांधीबागेतलं चांगलं पॉलिस्टर चालेल का? (सीताबर्डी)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी. चालणार नाही. बाजारातलं कापड कारखान्यातच उष्णता देऊन आकसवलेलं असतं, इस्त्रीखाली ते आणखी आकसत नाही. विमानाचं पॉलिस्टर मुद्दाम कोरं ठेवतात. इस्त्री फिरवली की ते ढोलाच्या कातड्यासारखं ताणतं. साधारण विमानाला चौरस मीटरमागे ९२ ग्रॅमचं, म्हणजे चौरस यार्डामागे २.७ औंसाचं कापड पुरतं. खडे उडून लागतात त्या पोटाखालच्या भागाला ११५ ग्रॅमचं लावतात.

आता महिना. नागपुरात हे काम दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीच्या आत संपवा. मे महिन्यात ४५ अंशांत गोंदावर साय धरते आणि फवारा कापडावर पडेपर्यंत हवेतच वाळून पिठूळ बसतो. जुलैत हवेतला ओलावा वाळणाऱ्या थरावर जमून पांढरट डाग उठतात. कूलर लावला तर मेमध्येच जुलै येतो.

घरातल्या इस्त्रीच्या चकतीवर सुती, रेशीम, नायलॉन लिहिलेलं असतं, अंश नसतात. तळाला छोटा थर्मामीटर टेकवून चकतीवर स्वतःच्या खुणा करा. इस्त्रीचं तापमान आपोआप वर-खाली होत असतं, म्हणून दहा मिनिटं बघून सर्वांत वरचा आकडा धरा. कडा गोंदाने चिकटवून झाल्या की पहिली फेरी साधारण १२० अंशांवर आणि शेवटची १७५ अंशांवर. १९० पार झालं की कापड सैल पडतं आणि पुन्हा कधी ताणत नाही. तो भाग फाडून नव्याने चढवावा लागतो. घाईने एकाच कोपऱ्यात पूर्ण ताण देऊ नका, मागची पातळ कडा वाकते. सगळीकडे थोडं थोडं आकसवत जा.

कापड रिबला, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळीला, केवळ गोंदाने धरत नाही. वरच्या बाजूची हवा त्याला उचलते, म्हणून पहिल्या थरानंतर प्रत्येक रिबवर पट्टी ठेवून मेणाच्या दोऱ्याने टाके घालतात. जुनं कापड काढताना टाक्यांमधलं अंतर मोजून ठेवा, तेच पाळा. प्रोपेलरच्या झोतातल्या भागात ते आणखी जवळ असतं. गाठ सुटून घसरली तर शेजारच्या टाक्यावर भार जातो आणि ओळच्या ओळ उसवते. प्रत्येक गाठ ओढून बघा.

ॲल्युमिनियमच्या चंदेरी थरात कंजूषपणा करू नका. पॉलिस्टरला ऊन खातं, वरचा रंग कितीही सुंदर असो. उभा-आडवा असे तीन फेरे मारा आणि वाफ पूर्ण गेल्यावर रात्री पंखात टॉर्च लावून बघा. प्रकाश झिरपला तर ऊनही झिरपणार. एमईके उणे ९ अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. तेव्हा शेजारचा गॅस गिझर, इन्व्हर्टर, देवघरातली समई, सगळं विझलेलं हवं, आणि तोंडाला सेंद्रिय वाफेचा मास्क. धुळीचा मास्क इथे रुमालाइतकाच निरुपयोगी.

प्रश्न : पुष्पकचं सी-९० इंजिन कमी ऑक्टेनवर चालतं, मग पंपावरचं पेट्रोल का नको? (सदर)

उत्तर : ऑक्टेनची अडचण नाही, इथेनॉलची आहे. पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर फुगवतं, टाकीच्या आतला लेप सोडवतं आणि पाणी शोषून थंडीत वेगळं पडतं. घरच्या घरी बघा : शंभर मिलिलिटरच्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल हलवा. खालचा पाण्याचा थर वाढून २५-३० मिलिलिटरच्या आसपास गेलेला दिसेल. ही वाढ इथेनॉलची. इंडियन ऑइलने २०२२ पासून ॲव्हगॅस १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल देशात बनवायला घेतलं आहे, ते घ्या. इंजिन पडून असेल तर प्रोपेलर हाताने फिरवून ‘मोकळा’ करत बसू नका. सिलिंडरवरचा उरलासुरला तेलाचा थर पुसला जातो, आणि ठिणगी देणारा मॅग्नेटो जागा असेल तर हातही जातो.

प्रश्न : वजन घरी करता येईल का? शेपटीला दोनेक किलो जास्त रंग लागला तर काय बिघडतं? (धरमपेठ)

उत्तर : येईल. न्हाणीघरातला काटा नको. वैधमापन विभागाचा शिक्का असलेले तीन काटे भाड्याने आणा. शेपटी उचलून विमान उड्डाणाच्या पातळीत ठेवा आणि टेकूचं वजन वजा करा. उदाहरण घ्या. पुढच्या चाकांवर १७६ आणि १७८ किलो, शेपटीवर १८. पंखाच्या पुढच्या कडेपासून पुढची चाकं १० सेंटिमीटर मागे, शेपटीचं चाक ४८० सेंटिमीटर मागे. ३५४ गुणिले १० म्हणजे ३,५४०; १८ गुणिले ४८० म्हणजे ८,६४०. बेरीज १२,१८०, भागिले ३७२ : गुरुत्वमध्य ३२.७ सेंटिमीटरवर. आता शेपटीच्या चाकावर २ किलो वाढवा. गुरुत्वमध्य ३५.१ वर जातो. दोन किलोंनी जवळपास अडीच सेंटिमीटर सरकला, आणि मागच्या सीटवर माणूस व सामान अजून चढायचंच आहे. गुरुत्वमध्य मागे सरकलेल्या विमानाचं नाक स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल तुटते तेव्हा, खाली येत नाही. रंगाचे डबे आधी आणि नंतर तोलून लिहा.

प्रश्न : परवानगीचं कसं? मुंबईत गच्चीवर बांधलेल्या विमानाला मिळाली ना? (वाडी)

उत्तर : मिळाली, पण क्रम बघा. कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाची डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उडण्याचा परवाना २०१९ मध्ये आला. नोंदणी म्हणजे विमानावरची व्हीटीने सुरू होणारी अक्षरं, उडणं वेगळं. पुष्पकसारख्या मान्यताप्राप्त विमानाच्या दुरुस्तीवर परवानाधारक देखभाल अभियंत्याची सही लागते. त्याला सांगाडा उघडा असतानाच बोलवा. कापड चढल्यावर आलेला अभियंता ते फाडायला सांगेल, आणि तेव्हा त्याचं चुकणार नाही. प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो आणि बोल्ट-कापडाच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा.

प्रश्न : तयार पंख धावपट्टीपर्यंत कसे न्यावेत? (कामठी रोड)

उत्तर : ट्रकवर आडवे नकोत. ते उचलण्यासाठीच बनलेले असतात, वाऱ्यात दोऱ्यांसकट उचलले जातात. पुढची कडा खाली ठेवून घोडीत उभे करा आणि दोर कापडावरून नको, स्ट्रटच्या जोडाला बांधा. पहाटे निघा, ताशी तीसच्या वर जाऊ नका आणि मागच्या गाडीत एकाला केवळ गाठींवर लक्ष ठेवायला बसवा.