कृत्रिम म्हणजे नकली? अजिबात नाही

प्रश्न असा आलाय की ‘कृत्रिम तलाव’ म्हणावं की ‘मानवनिर्मित तलाव’, कारण तलाव खरा, पाणी खरं, मग तो कृत्रिम कसा. बिनधास्त कृत्रिम म्हणा. असा प्रश्न पडतो कारण हल्ली हा शब्द शिवीसारखा वापरतात, कुठल्याही जाहिरातीत ‘संपूर्ण नैसर्गिक, कृत्रिम काहीच नाही’, कुणाचं हसू आवडलं नाही की तेही कृत्रिम, ऐकून ऐकून डोकं उठलंय.

कृत्रिम फुलं, कृत्रिम श्वासोच्छ्वास, कृत्रिम बुद्धिमत्ता, हे सगळ्यांना माहितीय, ते सोडतो. खरी मजा शब्दाच्या घडणीत आहे. संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी, त्याने काही धातूंना, म्हणजे क्रियापदांच्या मुळांना, ‘डु’ अशी खूण लावून ठेवलीय, डुकृञ्, डुपचष्, डुवप्, म्हणजे आपले कृ, पच् आणि वप्. ज्याला ही खूण त्यालाच ‘क्त्रि’ प्रत्यय लागतो (त्याचं सूत्र ३.३.८८), आणि तो लागला की पुढे ‘म’ आलाच पाहिजे (सूत्र ४.४.२०), सुटा तो राहतच नाही. अर्थ एवढाच, की त्या क्रियेमुळे झालेलं. पच् म्हणजे शिजवणं, त्यावरून पक्त्रिम. वप् म्हणजे पेरणं, त्यावरून उप्त्रिम. आणि कृ वरून कृत्रिम, करण्यामुळे झालेलं. यात खोटेपणा कुठंय? आणि यात माणूस तरी कुठंय?

माझ्या टेबलावर वादळात पडलेला सुगरणीचा एक खोपा आहे. पात्याची लांब पट्टी फाडून काडीभोवती गुंडाळलीय आणि तिचं टोक तिच्याच वेढ्याखाली खोचलंय, चक्क गाठ आहे ती, ओढली तरी सुटत नाही. आत मातीचे गोळे थापलेत, ते वाळून खड्यासारखे झालेत. नराने चोचीने केलेली ही वस्तू आहे, आपोआप झालेली नाही, म्हणजे पाणिनीच्या हिशोबाने ती कृत्रिमच. बीव्हर हा प्राणी ओढ्यात लाकडांचा बांध घालतो, तोही कृत्रिम आणि आपलं धरणही कृत्रिम. ‘मानवनिर्मित’चा आग्रह धरणाऱ्यांनी हे सांगावं की या खोप्याला ते काय म्हणणार, कारण त्यांच्या शब्दात माणूस एका बाजूला आणि बाकी सगळी सृष्टी दुसऱ्या बाजूला अशी भिंत आधीच घातलेली आहे, आपल्या जुन्या शब्दात ती नव्हती.

यावर कोश पुढे करतात, बघा ‘बनावट’ असा अर्थ दिलाय म्हणून. दिलाय ना, पण ती नंतर चढलेली पुटं आहेत, त्यांना मूळ अर्थ म्हणणं हा शुद्ध आळस आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातलं १५ वं सूक्त काढा, तिथं इंद्र ‘कृत्रिम’ रोध मोकळे करतो, म्हणजे कुणीतरी घातलेले पक्के अडसर. नकली अडसर असते तर त्यात इंद्राचा कसला पराक्रम? मनुस्मृतीत बारा प्रकारचे पुत्र आहेत, त्यात कृत्रिम पुत्र पहिल्या सहांत येतो, वारसा मिळणाऱ्यांत. पोटचा नाही, आपलासा करून घेतलेला, पण मुलगाच.

आणि उप्त्रिम हा शब्द आपण कसा काय टाकून दिला हे मला कळत नाही. मका नैसर्गिक का कृत्रिम? लोक पटकन नैसर्गिक म्हणतात. पण मेक्सिकोतल्या टिओसिंटे नावाच्या गवतापासून माणसाने सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तो घडवायला घेतला. त्या गवताच्या कणसात जेमतेम पाच ते बारा दाणे, एकेक कठीण कवचात, आणि पिकले की आपोआप गळून पडणारे. मक्याचे शेकडो दाणे कणसाला घट्ट चिकटलेले आणि वरून पानांत गुंडाळलेले, आपोआप पडतच नाहीत. अख्खं कणीस जमिनीवर पडलं तर सगळे दाणे एकाच जागी दाटीने उगवतात आणि एकमेकांना मारतात. कुणीतरी सोलून पेरल्याशिवाय मका टिकत नाही, म्हणून तो उप्त्रिम, त्याच्यासाठी याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही आणि मी तो वापरायला लागलोय.