फुलझाडांना कोणतं सेंद्रिय खत टाकू? आधी माती बघा

नमस्कार मंडळी, यावेळी बहुतेक प्रश्न फुलझाडांच्या खताचेच आलेत. नगरकडच्या एका काकांच्या गुलाबाची नवी पानं पिवळी पडतायत, रत्नागिरीच्या एका ताईंचा मोगरा नुसता माजलाय पण कळी नाही, आणि पुण्यातल्या एका दादांना टेरेसवरच्या कुंड्यांसाठी "एकच काय ते खत सांगा" असं हवंय. शेणखत, गांडूळ खत, निंबोळी पेंड की बोनमील (हाडांचा चुरा), विचारणा तिघांची तीच, पण माती वेगळी म्हणून उत्तरही वेगळं.

काका, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसत असेल तर ती लोहाची कमतरता. काळ्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं हो, पण झाडाला उचलता येत नाही. तुम्ही चुलीतली राख टाकताय म्हणालात ती आधी बंद करा, राखेनं मातीचा सामू (pH) अजून वर जातो. बोनमीलवरही पैसे घालू नका, त्यातला स्फुरद (फॉस्फरस) आंबट मातीत हळूहळू मोकळा होतो, ८ च्या आसपास सामू असलेल्या तुमच्या मातीत तो जवळपास तसाच पडून राहणार, वर कुत्री वासानं येऊन आळं उकरणार ते वेगळंच. ऑक्टोबरात छाटणी केली की झाडाला ४-५ किलो शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळून द्या. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलं, काळपट, भुसभुशीत, शेणाचा वास न येणारं हवं, अर्धकच्चं टाकलं की त्यातून हुमणीची अळी येते आणि मुळं खाते, मग सगळे खताला शिव्या देतात. तोवर हिरवेपणा यायला फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, त्यात थोडं लिंबू पिळून संध्याकाळी फवारा. हे सेंद्रिय नाही, पण झाड आधी सावरू दे.

ताई, तुमच्या मोगऱ्याला खत कमी नाही, जास्त झालंय. भुईमुगाच्या पेंडीत नत्र (पानं वाढवणारा नायट्रोजन) ७ टक्क्यांच्या आसपास, शेणखतात जेमतेम अर्धा टक्का, आणि तुम्ही दर आठवड्याला पेंडीचं पाणी ओतताय, मग पानंच येणार ना! ते थांबवा. झाडाला ५-६ तास ऊन मिळतंय का तेही बघा, सावलीतला मोगरा कुठल्याच खतानं फुलत नाही. डिसेंबरात पाणी तोडा, जानेवारीत छाटणी करा, मग कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी बोनमील द्या, तुमच्या आंबट जांभ्या मातीत ते चालतं, चिमूटभर राखही चालेल. फक्त जून-जुलैच्या धो धो पावसात काही टाकू नका, सगळं गडग्यापलीकडे वाहून जाईल.

आता कुंड्यांचं. दादा, एकच हवं तर गांडूळ खत घ्या, १२ इंची कुंडीला महिन्याला दोन-तीन मुठी, वरची माती जरा हलवून. दीड-दोन महिन्यांनी त्यातच अर्धी मूठ निंबोळी पेंड मिसळली की मुळांना त्रास देणारे सूत्रकृमी पण आटोक्यात राहतात. पोतं घेताना लेबल वाचा, सरकारच्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गांडूळ खतात नत्र किमान १ टक्का आणि ओलावा १५ ते २५ टक्के लागतो, पोतं उचलून दगडासारखं जड लागलं तर माती मिसळलीय समजा. जीवामृत (शेण-गोमूत्राचं पातळ खत) हवं तर १० लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि मूठभर माती, दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळा आणि आठवड्याच्या आत संपवा. केळीची सालं मात्र कच्ची कुंडीत पुरू नका, चिलटं होतात, ती कंपोस्टच्या डब्यात जाऊ द्या.