जुन्या साडीचे पडदे

नवं घर लावताय आणि पैशाची ओढाताण आहे, तर सुरुवात पडद्यांपासून करा. खोलीचा नूर तिथेच बदलतो. कपाटातली जुनी सुती साडी काढा. ५.५ मीटरच्या साडीत ५ फूट उंच खिडकीचे तीन पडदे दुमडीसकट निघतात. ४ फूट रुंद खिडकीला दोन लावा, म्हणजे चुण्या भरदार पडतात. एकच ताणून लावलेला पडदा केविलवाणा दिसतो. कापण्याआधी साडी धुवा, उजेडात धरून विरलेला भाग शोधा आणि तो टाळा. काठ आपोआप दोन्ही बाजूंना उभे येतात, त्यामुळे तिथे शिवण नकोच; वर दांडीसाठी ३ इंचांचा नेफा आणि खाली दुमड, झालं. रेशमी साडी मात्र उन्हाच्या खिडकीला अजिबात नको, तिचा रंग उडतो आणि कापड लवकर फाटतं. तिचे उशांचे अभ्रे शिवा.