मस्कादे वाईन कोणत्या द्राक्षापासून होते? त्याची वैशिष्ट्ये काय?

फ्रान्समध्ये लवार नदीच्या मुखाकडे, नांत शहराच्या आसपास होणारं ‘मेलाँ द बुर्गोन्य’ हे ते द्राक्ष. १७०९ च्या कडाक्याच्या थंडीत तिथले मळे गोठून गेले आणि त्यानंतर थंडी सोसणारं म्हणून हे वाण पसरलं. वास बेताचाच: लिंबू, हिरवं सफरचंद, किंचित खारट झाक. आंबटपणा मात्र तरतरीत, अल्कोहोल साधारण १२ टक्के. खरी गंमत आंबवल्यावर तळाशी बसणाऱ्या यीस्टच्या गाळात आहे. हिवाळाभर वाईन त्या गाळावरच ठेवतात आणि तिथून थेट बाटलीत भरतात. त्यामुळे चवीला भरीवपणा येतो, जिभेवर बारीक चुरचुर जाणवते. म्हणून बाटलीवर ‘स्युर ली’ (म्हणजे ‘गाळावर’) लिहिलेलं असेल तीच घ्या. कालवं किंवा तिसऱ्यांबरोबर, चांगली गार करून, मला हिच्याइतकी दुसरी कुठलीच आवडत नाही.